दांडा किती लांब हवा?

आजचा भाग दांड्याबद्दल आहे. हो, दांडाच. झाडूचा, मॉपचा, कुदळीचा. हसू नका, कारण तो किती लांब असावा हा वाद कॅलिफोर्नियात थेट राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता.

गोष्ट सुरू होते शेतात. सॅलिनास खोऱ्यात लेट्यूसची आणि बीटची विरळणी करायला मजुरांच्या हातात एक आखूड कुदळ असायची. दांडा जेमतेम एक-दीड फुटाचा. मजूर बहुतेक मेक्सिकन. ते तिला ‘एल कोर्तितो’ म्हणायचे, म्हणजे ‘छोटुकली’. नाव गोड, काम जीवघेणं. दिवसभर कमरेतून वाकूनच राहायचं. मालक म्हणायचे, आखूड दांड्यानं काम नेमकं होतं. आणखी एक सोय होती: कोण उभा राहिला, म्हणजे कोण थांबला, ते मुकादमाला लांबूनच दिसायचं.

गरीब मजुरांच्या वकिलांनी सरकारकडे बंदी मागितली. तिथं नियम होता की असुरक्षित अवजार वापरायचं नाही. अधिकारी म्हणाले, ही कुदळ कुठं मोडकी आहे? अवजार ठीक आहे, वापरण्याची पद्धत तेवढी त्रासाची आहे. जानेवारी 1975 मध्ये कोर्टानं हा अर्थ फारच कोता ठरवला. नेहमीच्या वापरानं माणसाला इजा होत असेल, तर धडधाकट अवजारही असुरक्षित असू शकतं. त्याच वर्षी छोटुकली बंद झाली.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आता आपण हॉटेलात शिरतोय. हे नातं मी जोडतोय, पण राज्य तेच आहे आणि पाठही बरीचशी त्याच लोकांची.

1999 मध्ये वेस्टिननं ‘हेवनली बेड’ आणला. जाड गादी, चादरींचे थर, रजई, उशांचा ढीग. पाहुणे खूश! बाकीच्या हॉटेल चेनही शर्यतीत उतरल्या. पण तो बेड रोज लावायचा कुणी? साध्या सपाट चादरीसाठी गादीचा एकेक कोपरा उचला, चादर आत खोचा, मग पुढचा कोपरा. आता हे एका शिफ्टमधल्या सगळ्या खोल्यांनी गुणा. वर बाथरूमच्या फरशा, टब आणि गालिच्यावरून ढकलायची भरलेली ट्रॉली.

2010 मध्ये एक अभ्यास छापून आला. अमेरिकेतली 50 हॉटेलं, 2003 ते 2005 मधल्या दुखापती. सगळे कामगार धरले तर वर्षाला दर शंभरामागे 5.2 दुखापती. हाउसकीपिंगमध्ये 7.9. आणि त्यातल्या हिस्पॅनिक बायकांमध्ये 10.6. शेतातून वाकणं संपलं नव्हतं, फक्त एसी खोलीत आलं होतं.

उपाय काय? रॉकेट सायन्स नाही. कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली चादर, म्हणजे गादी कमी वेळा उचलावी लागते. लांब दांड्याचा मॉप आणि ब्रश, म्हणजे गुडघ्यांवर बसायला नको. हलक्या चाकांची ट्रॉली. 2011 मध्ये सेनेटर केव्हिन डी लिऑन यांनी अशी चादर आणि लांब दांड्याची साधनं सक्तीची करायचं विधेयक आणलं. हॉटेलवाल्यांनी खर्चाचं कारण देत विरोध केला, लोकांनी ‘चादरीचा कायदा’ म्हणून टिंगल केली. विधेयक पडलं.

मग 2012 मध्ये ‘युनाइट हिअर’ या हॉटेल कामगारांच्या युनियननं सुरक्षा-नियम करणाऱ्या मंडळाचं दार ठोठावलं. सहा वर्षं सुनावण्या चालल्या. बायका येऊन सांगायच्या, बेड कसा लावतो, कुठं दुखतं. अखेर 1 जुलै 2018 ला नियम लागू झाला. गंमत म्हणजे, तो नियम सगळ्यांना एकच चादर किंवा एकच मॉप सांगत नाही. तो मालकाला सांगतो: कामाची पाहणी करा, धोका शोधा, योग्य साधन आणा, दुरुस्त ठेवा. आणि ही पाहणी काम करणाऱ्यांना सोबत घेऊनच करा.

मला यातलं हेच शेवटचं वाक्य सगळ्यात मोठं वाटतं. कारण आखूड दांडा कुणी मुद्दाम दुष्टपणे बनवत नाही. तो निवडणारा वेगळा असतो आणि वाकणारा वेगळा, एवढंच.

आता जरा आपल्या घरात बघा. केरसुणी केवढीशी असते? लादी पुसायचं फडकं हातातच असतं ना? लांब दांड्याचा मॉप आणला तर आपणच म्हणतो, ‘त्यानं कोपरे नीट निघत नाहीत.’ ओळखीचं वाटतंय? लेट्यूसचे मालकही तेच म्हणत होते.

तेव्हा आजचा होमवर्क एकच. तुमच्याकडे मावशी कामाला येत असतील, तर ऑनलाइन काही मागवण्याआधी त्यांनाच विचारा: ‘मावशी, दांडा केवढा हवा?’

भेटूया पुढच्या भागात. तोवर पाठ सरळ ठेवा!