टीव्हीसमोर लिहिलेली चारोळी इतिहासाचं साधन होऊ शकते का?

मागच्या महिन्यात सोलापूरला घरी गेलो होतो. माळ्यावरची ट्रंक आवरताना माझी अकरावीची अकाउंट्सची वही सापडली. पुढच्या पानांवर ताळेबंद, मागच्या पानांवर चारोळ्या. त्यातल्या एका चारोळीखाली तारीख आहे : २८ नोव्हेंबर २००८, रात्री.

घुमटातून धूर निघाला,
मुंबईचा श्वास कोंडला,
समुद्रसुद्धा शांत राहून
आमच्यासोबत रडला.

हसू नका. सतराव्या वर्षी आपण सगळेच असं लिहितो. पण आज या चार ओळी मी तुमच्यासमोर साधन म्हणून ठेवणार आहे. तुमच्यापैकी काहीजण पेटची तयारी करताय, काहींचा सिनॉप्सिस अडकलाय. ‘साधने’ या मथळ्याखाली आपण अभिलेखागार, वर्तमानपत्रं, मुलाखती असं लिहून मोकळे होतो. हिंसाचार टीव्हीवर बघता बघता लिहिलेल्या छोट्या कविता त्या यादीत सहसा येत नाहीत. आणि आल्याच, तर त्यांच्याकडे चुकीचा प्रश्न घेऊन जातो. निदान मी तरी गेलो होतो.

आधी घटनाक्रम पक्का करून घेऊ. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा अतिरेक्यांनी मुंबईत हल्ला सुरू केला. छत्रपती शिवाजी टर्मिनस, लिओपोल्ड कॅफे, कामा रुग्णालयाचा परिसर, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाऊस आणि ताज. २९ तारखेच्या सकाळी ताजमधली कारवाई संपली. १६६ माणसं गेली. जवळपास साठ तास वृत्तवाहिन्यांवर दुसरं काही नव्हतं. २८ च्या सकाळी नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरले, तेही देशाने घरात बसून पाहिलं.

आता माझी चारोळी पुन्हा वाचा. घुमट आहे, धूर आहे, समुद्र आहे. ताज मी तोवर प्रत्यक्ष बघितलेलाही नव्हता. मग समुद्र आला कुठून? कॅमेरे गेटवेच्या बाजूला उभे होते म्हणून आला. वाहिनीवर बोलणाऱ्याच्या आवाजाखाली लाटांचा आवाज येत नव्हता म्हणून तो ‘शांत’ झाला. आणि ‘आमच्यासोबत’ म्हणजे कोण? मुंबईकर नव्हेत. ‘आम्ही’ म्हणजे टीव्हीसमोर बसलेले लोक. मी कल्पनाशक्ती वापरतोय असं मला वाटत होतं, पण मी एका कॅमेऱ्याची जागा शब्दांत उतरवून घेत होतो.

हे फक्त माझंच झालं असं नाही. चारोळीला एक चित्र लागतं आणि शेवटच्या ओळीत कलाटणी लागते. चंद्रशेखर गोखल्यांच्या ‘मी माझा’नंतर हा साचा वह्यांच्या मागच्या पानांवर घरोघरी पोहोचला होता. वाहिनी दर काही मिनिटांनी तेच चित्र पुन्हा दाखवते, म्हणजे चित्राची सोय तिनेच केलेली असते. आपण फक्त कलाटणी द्यायची. त्यामुळे अशा कवितेत सलाम, सूड किंवा अश्रू यांपैकी एक शेवट पटकन येऊन बसतो. माझ्या वहीत अश्रू आले. कारवाई अजून चालू होती, आत किती माणसं अडकलीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि माझी चारोळी संपलीसुद्धा होती!

हेमंत करकरे यांचं उदाहरण घ्या. सीएसटीजवळ ते हेल्मेट आणि बुलेटप्रूफ जॅकेट चढवताहेत ही दृश्यं तुम्हीही पाहिली असतील. ती इतक्या वेळा दाखवली गेली की डोळ्यांसमोर करकरे म्हटलं की तेच येतं. पण ते, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत वाहिनीचा कॅमेरा नव्हता. त्यामुळे त्यांच्यावरच्या एखाद्या कवितेत हेल्मेट आलं, तर ते आपल्याला करकऱ्यांच्या मृत्यूबद्दल फारसं सांगत नाही. कवी कुठे बसला होता आणि त्याला काय दाखवलं जात होतं, ते मात्र नेमकं सांगतं.

माझा मुद्दा एवढाच आहे : टीव्हीसमोर लिहिलेली कविता ही घटनेची साक्ष नव्हे, ती बघण्याची साक्ष आहे. एवढा फरक सांभाळला की या कविता फार मोलाच्या ठरतात. कारण २६/११ मध्ये ‘बघणं’ हाच घटनेचा एक भाग होता. सीमेपलीकडून फोनवर सूचना देणारे सूत्रधारही आपल्याच वाहिन्या बघत होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. त्यामुळे कुणाचा जीव गेला का हे शोधता येणार नाही, पण सुरक्षा दलांचं काम त्यामुळे अधिक अवघड आणि धोक्याचं झालं यात शंका नाही, असा त्याचा आशय होता. पुढे मार्च २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली. अशी कारवाई संपेपर्यंत थेट प्रक्षेपण करायचं नाही, नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवायची, असं ठरलं. म्हणजे माझ्या वहीतल्या चार ओळी ज्या प्रकारच्या प्रक्षेपणातून आल्या, ते आता नियमाने बंद आहे. त्या बघण्याची नोंद मात्र अशा वह्यांमध्ये शिल्लक आहे.

‘न पाहिलेल्या हिंसेवर छोटी कविता लिहावी का?’ हा वाद टीव्हीच्याही आधीचा आहे. हायकू मराठीत आणला शिरीष पै यांनी, आणि प्रत्यक्ष अनुभवाचा क्षण ही त्याची अट आपल्याकडे त्यासोबतच आली. जपानमध्ये मासाओका शिकी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ‘शासेई’चा, म्हणजे जसं दिसलं तसं रेखाटण्याचा आग्रह धरला होता. मग १९३७ मध्ये चीनशी युद्ध पेटलं. आघाडीवर कधीच न गेलेले काही तरुण कवी वर्तमानपत्रं वाचून, चित्रपटगृहात दाखवल्या जाणाऱ्या वार्तापटांवरून युद्धाचे हायकू लिहायला लागले. या प्रकाराला ‘सेन्का सोबो’ हायकू असं नाव पडलं. मनाने दुरून पाहिलेली युद्धाची आग, असा काहीसा त्याचा अर्थ. सैतो सान्की हे त्यातलं ठळक नाव. हा माणूस पेशाने दंतवैद्य होता.

आक्षेप तुमच्या लक्षात आलाच असेल : तुम्ही तिथे नव्हता, मग हे तुमचं कसं? यावर दुसरी बाजू अशी मांडता येते, की युद्ध घरी बसलेल्यांच्या आयुष्यातही शिरलेलं आहे, मग त्यांनी ते लिहायचं नाही का? वाद साहित्यापुरताच राहिला नाही. १९४० मध्ये ‘क्योदाई हायकू’ या मासिकाशी संबंधित कवींना शांतता-रक्षण कायद्याखाली अटका झाल्या. सान्कीही त्यात होते. युद्धविरोधी, डाव्या विचारांचा संशय होता. तेव्हा ‘घरी बसून लिहिलेल्या ओळींना काय किंमत?’ असं कुणी म्हणालं तर हे प्रकरण आठवा. पोलिसांनी त्या ओळींना किंमत दिली होती.

आणखी एक उदाहरण, शेवटच्या ओळीबद्दलचं. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये जळत्या मनोऱ्यांतून माणसं खाली पडत होती, त्याचे फोटो निघाले. पोलिश कवयित्री विस्वावा शिम्बोर्स्का यांनी अशा एका फोटोवर छोटी कविता लिहिली. ती त्यांच्या २००२ च्या ‘ख्विला’ या संग्रहात आहे. बाई फोटोतल्या माणसांना जमिनीपर्यंत पोहोचू देत नाहीत, कवितेला नेहमीसारखा शेवट देत नाहीत. आणि ही कविता फोटोवर आहे, हे शीर्षकच सांगतं. आपण काय बघतोय याची कबुली वाचकाला पहिल्याच ओळीआधी मिळते. माझ्या चारोळीत ती कबुली नव्हती. ती ताजवर नव्हती, ताजच्या टीव्हीवरच्या चित्रावर होती, आणि हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

आता कामाचं बोलू. अशी कविता हाती आली तर काय विचाराल?

पहिलं, तारीख आणि वेळ. २७ तारखेला लिहिलेली ओळ आणि वर्षश्राद्धाच्या अंकातली ओळ ही दोन वेगळी साधनं आहेत. पहिल्या ओळीच्या कवीला शेवट माहीत नाही.

दुसरं, डोळा कुठे आहे? रस्त्यावर, खिडकीत, की पडद्यासमोर? ज्या तपशिलावर बोट ठेवाल, तो कोणत्या कॅमेऱ्याच्या चौकटीत बसतो ते त्या दिवसांच्या प्रक्षेपणाशी ताडून बघा.

तिसरं, कविता कशावरून फिरली? २००८ मध्ये बऱ्याच हँडसेटवर देवनागरी दिसायचीच नाही. शिवाय रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० चिन्हं मावायची, देवनागरीत फक्त ७०, आणि काना-मात्रासुद्धा वेगळं चिन्ह म्हणून मोजला जायचा. माझी चारोळी मी मोजली : ७० च्या वर जाते. म्हणून मित्रांना ती मी रोमन लिपीत पाठवली होती. ते हँडसेट भंगारात गेले, मेसेज गेले. तेव्हा या कविता शोधायच्या तर अभिलेखागारापेक्षा माळ्यावरच्या ट्रंका, कॉलेजांची वार्षिकं आणि वाचकांच्या पत्रांची पानं चाळावी लागतील.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं : कवितेत कोण नाही? सीएसटीवर पन्नासहून अधिक माणसं गेली. बहुतेक लांबच्या गाडीची वाट बघत बसलेले साधे प्रवासी. पण तिथला गोळीबार कॅमेरे जमण्याआधीच संपला होता आणि ताज मात्र २९ च्या सकाळपर्यंत जळताना दिसत राहिला. त्याच सुमारास तमिळ लेखक ज्ञानी शंकरन यांनी एका लेखात हा प्रश्न उघडपणे विचारला होता, की ताज हे नक्की कुणाच्या भारताचं प्रतीक आहे. संशोधकासाठी तो साधनांचाही प्रश्न आहे. जिथे चित्र नाही तिथे चारोळी नाही, आणि जिथे चारोळी नाही तिथे ‘लोकभावना’ या नावाखाली आपण नंतर काय लिहिणार?

हा चौथा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. त्या रात्री माझा मामा सीएसटीवर होता. सोलापूरच्या गाडीची वाट बघत, लांबच्या गाड्यांच्या त्याच मोठ्या हॉलमध्ये. तो वाचला. मध्यरात्रीनंतर कुठल्याशा दुकानातून त्याचा फोन आला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी पोहोचला. २८ च्या रात्री मी चारोळी लिहीत होतो, तेव्हा मामा त्याच खोलीत होता. टीव्हीकडे पाठ करून बसला होता. आणि मी टीव्हीकडे बघून लिहीत होतो.

गाईडना वही दाखवली तेव्हा ते कवितेबद्दल काहीच बोलले नाहीत. “मामांना विचारलंस का कधी?” एवढंच म्हणाले.

नव्हतं विचारलं. यावेळी विचारलं, रेकॉर्डर टेबलावर ठेवून, त्याची परवानगी घेऊन. मामा म्हणाला, “आधी वाटलं फटाके. बाजूला बसलेल्या एकाने पाण्याची बाटली धरायला दिली होती, चार्ट बघून येतो म्हणाला. मी पळालो तेव्हा बाटली हातातच होती. घरी आणली मी ती. तुझ्या आईने दोन दिवसांनी फेकली.”

मी विचारलं, घरात कुठे ठेवली होतीस?

“टीव्हीच्या बाजूला,” मामा म्हणाला.

म्हणजे ती बाटली मी पाहिली असणार. चारोळी लिहिताना ती माझ्या नजरेच्या टप्प्यात होती. या वाक्याची चारोळी करायचा मोह मला झाला, खोटं कशाला सांगू. केली नाही. मुलाखत जशीच्या तशी उतरवून घेतली, वर तारीख, वेळ आणि ठिकाण घातलं. वहीचं ते पान स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवलंय. दोन्ही साधनं आता एकमेकांच्या शेजारी आहेत. प्रबंधात ती तशीच शेजारी ठेवायची आहेत.

तुमच्या घरातही अशी एखादी वही असेल. ती उघडाल तेव्हा कविता चांगली की वाईट, हे नंतर ठरवा. आधी बघा, लिहिणारा कुठे बसला होता आणि त्या खोलीत आणखी कोण होतं.