सागरपार नौदलीय हवाई तळ आणि गोव्यातील दाबोळी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

परक्या सत्तेची फौज आपल्या भूमीवर मुक्कामास असणे ही गोष्ट मराठवाड्याच्या इतिहासाला अपरिचित नाही. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या हिंगोली येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. फौज नावाने निजामाची, अधिकारी इंग्रज आणि खर्च रयतेच्या माथी, अशी ही व्यवस्था होती. याच फौजेच्या खर्चापोटी १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. हिंगोलीची छावणी १९०३ मध्ये उठली. तळ कोणाच्या भूमीवर, कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या हितासाठी, हे प्रश्न मात्र तिच्याबरोबर संपले नाहीत. विसाव्या शतकात तेच प्रश्न नौदलांच्या धावपट्ट्यांच्या संदर्भात नव्याने उपस्थित झाले. प्रस्तुत निबंधात गोव्यातील दाबोळी येथील तळाच्या आधारे त्यांचा मागोवा घेतला आहे.

नौदलास जमिनीवरील तळाची गरज :

विमानवाहू जहाज असताना नौदलास जमिनीवर धावपट्टी कशासाठी हवी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. विमाने उडविताना जहाज वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वेगाने जात असावे लागते. बंदरात नांगर टाकलेल्या जहाजावरून तत्कालीन विमानांना नेहमीप्रमाणे उड्डाण करता येत नसे. त्यामुळे जहाज बंदरात शिरण्यापूर्वीच विमाने जवळच्या किनाऱ्यावर उतरविली जात. वैमानिकांचा सराव, इंजिनांची दुरुस्ती व सुटे भाग यांचीही सोय तेथेच करावी लागे. ज्या सत्तेचे आरमार जगभर फिरते तिला अशा धावपट्ट्याही जगभर लागतात. सागरपार नौदलीय हवाई तळांचे मूळ या गरजेत आहे.

दुसऱ्या महायुद्धात जपानविरुद्धच्या मोहिमेसाठी ब्रिटिश नौदलाने दक्षिण भारत व श्रीलंकेत अशा तळांची साखळीच उभारली. कोइमतूर येथील तळास ‘गरुड’ व जवळच्या सुलूर येथील तळास ‘वैरी’ अशी नावे होती. श्रीलंकेतील तळांना ‘उकुस्सा’ व ‘राजालिया’ अशी सिंहली पक्षिनामे देण्यात आली. हवाई तळांना पक्ष्यांची नावे देण्याची ही ब्रिटिश प्रथा भारतीय नौदलाने पुढे चालविली. ११ मे १९५३ रोजी कोचीन येथे कार्यान्वित झालेल्या पहिल्या भारतीय नौदलीय हवाई तळाचे नावही ‘गरुड’ हेच होते. साम्राज्य गेले, पण नाव उरले. आणि नावाप्रमाणे धावपट्टीही उरते, हे दाबोळीच्या उदाहरणावरून दिसून येते.

पोर्तुगीज काळातील दाबोळी :

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पोर्तुगीज अमदानीतील दाबोळी हा नौदलाचा तळ नव्हता. तो नागरी विमानतळ होता. तथापि त्याच्या निर्मितीमागील कारण निव्वळ नागरी होते, असेही म्हणता येत नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला. त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी असलेले दळणवळण तोडले व मुरगावहून घाटावर येणारी रेल्वे बंद पडली. या कोंडीवर उपाय म्हणून पोर्तुगीज शासनाने मुरगाव बंदरानजीकच्या पठारावर धावपट्टी बांधली आणि १९५५ मध्येच ‘ताइप’ ही हवाई कंपनी सुरू झाली. तिची विमाने दमण, दीव व कराचीकडे जात. या विमानतळास पुढे गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश यांचे नाव देण्यात आले. लिस्बनच्या दृष्टीने दाबोळी ही साम्राज्याची पूर्वेकडील श्वासनलिकाच होती.

गोव्याच्या प्रश्नावर दुसऱ्या एका सागरपार तळाची छाया होती, ही बाब मराठीतील गोवा मुक्तिसंग्रामाच्या लेखनात पुरेशा ठळकपणे येत नाही. अटलांटिक महासागरातील अझोर्स ही पोर्तुगीज बेटे होत. तेथील लाजेस तळ अमेरिका करारान्वये वापरत असे व त्या कराराची मुदत १९६२ अखेर संपणार होती. २ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस व पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्या यांच्या संयुक्त निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा ‘प्रांत’ असा झाला आणि भारतात संतापाची लाट उसळली. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा व भारतीय सैन्य मागे घेण्याचा ठराव अमेरिकेच्या पाठिंब्याने मांडण्यात आला. त्याच्या बाजूने सात व विरोधात चार मते पडली. सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो बारगळला. अमेरिकेच्या भूमिकेमागे बळाच्या वापरास असलेला तात्त्विक विरोधही होता, हे मान्य करावे लागते. परंतु लाजेसचा विचार वॉशिंग्टनने केलाच नसेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

१८ डिसेंबर १९६१ :

त्याच दिवशी सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्बफेक केली. धावपट्टी निकामी करावी, मात्र विमानतळाच्या इमारतींना इजा पोहोचू नये, असा आदेश होता. ज्या वास्तूचा उद्या आपल्याला उपयोग आहे ती आज पाडायची नाही, असा हा हिशेब असावा. हल्ल्यातून वाचलेली दोन पोर्तुगीज प्रवासी विमाने रात्री घाईघाईने डागडुजी केलेल्या धावपट्टीवरून निसटून कराचीला पोहोचली. १९ डिसेंबर रोजी गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे नौदलात दाखल झालेली ‘विक्रांत’ ही भारताची पहिली विमानवाहू नौका या काळात गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात गस्तीवर होती.

‘विक्रांत’वरील सी हॉक व आलिझे विमानांसाठी ५ सप्टेंबर १९६१ रोजी सुलूर येथे ‘आयएनएस हंस’ हा तळ सुरू झाला होता. ब्रिटिशांच्या जुन्या ‘वैरी’चीच ही जागा, पण ती समुद्रापासून दूर, आणि पश्चिम आरमाराचे ठाणे तर मुंबईत. दाबोळीस पठारावरील धावपट्टी, पायथ्याशी बंदर व समोर मोकळा समुद्र असा त्रिवेणी योग होता. एप्रिल १९६२ मध्ये, गोव्यात मेजर जनरल कँडेथ यांचे लष्करी प्रशासन असतानाच, दाबोळी नौदलाच्या ताब्यात आले. जून १९६४ मध्ये ‘हंस’ तेथे स्थलांतरित झाला. १९७१ च्या युद्धात कॉक्स बझार व चित्तगाव येथे हल्ले करणाऱ्या ‘विक्रांत’च्या विमानांचे घर दाबोळीच होते. १९८३ मध्ये सी हॅरियर व पुढे मिग-२९के ही विमानेही येथेच आली. दाबोळी नौदलीय तळ झाला तो सागरपार असण्याचे संपल्यावर, हा इतिहासाचा विरोधाभास होय.

क्युबी पॉइंट व दाबोळी :

फिलिपाइन्समधील क्युबी पॉइंटचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. अमेरिकी नौदलाने डोंगर तोडून व सुबिक उपसागरात भर घालून तेथे सुमारे तीन किलोमीटर लांबीची धावपट्टी बांधली. त्यासाठी बनिकाइन हे गाव हलविण्यात आले. जुलै १९५६ मध्ये हा तळ कार्यान्वित झाला व व्हिएतनाम युद्धात त्याचा मोठा वापर झाला. १६ सप्टेंबर १९९१ रोजी फिलिपाइन्सच्या सिनेटने तळांविषयीचा नवा करार फेटाळला. २४ नोव्हेंबर १९९२ रोजी अमेरिकी नौदल सुबिक सोडून गेले आणि क्युबीची धावपट्टी नागरी विमानतळ झाली. दिएगो गार्सियाच्या रहिवाशांना तेवढेही भाग्य लाभले नाही. १९६८ ते १९७३ या काळात त्यांना चागोस बेटांवरून हुसकावून लावण्यात आले व त्यांच्या भूमीवर अमेरिकी तळ उभा राहिला.

दाबोळीची तुलना या दोहोंशी सरसकट करणे अन्यायाचे ठरेल. भारतीय नौदल हे गोमंतकीयांचेही नौदल आहे. तरीही क्युबीत नागरिकांना जे मिळाले, त्यासाठी दाबोळीत त्यांना वाटाघाटी कराव्या लागल्या, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. नागरी विमानतळ म्हणून जन्मलेल्या या धावपट्टीवर नागरी वाहतूक नौदलाच्या आवारातील एका छोट्या भागापुरती सीमित झाली. कामकाजाच्या दिवशी सकाळचे तास नौदलाच्या सरावासाठी राखीव राहिले. पर्यटन वाढू लागल्यावर ही अडचण तीव्र झाली आणि ‘नौदलाने दाबोळी सोडावी’ ही मागणी गोव्याच्या राजकारणात वारंवार पुढे आली. नौदल हलले नाही. पर्याय शोधण्यात आला तो पेडणे तालुक्यातील मोपाचा.

२००० साली मोपास तत्त्वतः मान्यता देताना दाबोळीची नागरी वाहतूक बंद करण्याची अट होती. दक्षिण गोव्यातून तिला प्रखर विरोध झाला आणि २०१० मध्ये केंद्र सरकारने ती मागे घेतली. मोपाच्या पठारावरील भूसंपादनास व वृक्षतोडीस स्थानिकांनी विरोध केला. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाची पर्यावरणीय मंजुरी स्थगित केली व जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठविली. ५ जानेवारी २०२३ पासून मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. जी जागा दाबोळीच्या पठारावर नागरिकांना पुरेशी मिळाली नाही, ती अखेर पेडण्यातील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनींतून दिली.