जगातले सर्वात गरीब देश गरीबच का राहतात? बुरुंडीची गोष्ट

'जगातील सर्वात गरीब देश' अशी यादी सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असते. त्यात बुरुंडी हे नाव जवळपास नेहमीच दिसतं. पण एखादा देश गरीब आहे हे ठरवतं कोण, आणि तो गरीब राहतो कशामुळे?

गरिबी मोजतात कशी?

जागतिक बँक देशांची विभागणी दरडोई उत्पन्नावर करते. वर्षाला साधारण १,१०० डॉलरपेक्षा थोडं जास्त ही 'कमी उत्पन्न' गटाची वरची मर्यादा आहे. बुरुंडीत हा आकडा ३०० डॉलरच्याही खाली आहे.

माणसांसाठी वेगळी रेषा आहे. जून २०२५ पासून दिवसाला ३ डॉलरपेक्षा कमी खर्चात जगणारी व्यक्ती 'अतिगरीब' मानली जाते. जगात असे सुमारे ८० कोटी लोक आहेत. हा डॉलर मात्र बाजारभावाचा नाही. कोणत्या देशात किती पैशांत काय विकत मिळतं, ते पाहून तो ठरतो. त्यामुळे भारतात ही रेषा अडीचशे रुपयांवर न येता २०२१च्या दरांनुसार साठ-बासष्ट रुपयांच्या आसपास येते.

बुरुंडी गरीब का?

*जमीन कमी, माणसं जास्त.* पूर्व आफ्रिकेतल्या या छोट्या देशात दहापैकी आठपेक्षा जास्त लोक शेतीवर जगतात. एका कुटुंबाकडे सरासरी अर्धा हेक्टर, म्हणजे सव्वा एकर जमीन असते. प्रत्येक पिढीत वाटण्या होतात आणि तुकडा आणखी लहान होतो. घेवडा, रताळी, कसावा, केळी पिकतात, पण ती घरातच संपतात. विकायला फारसं उरत नाही.

*समुद्र नाही.* माल टांझानियातल्या दार-ए-सलाम बंदरातून आणावा लागतो. ते हजार किलोमीटरहून दूर आहे. त्यामुळे खत, इंधन, औषधं सगळंच महाग पडतं.

*परकीय चलनाची चणचण.* निर्यातीत मुख्य आधार सोनं, कॉफी आणि चहाचा. कॉफीचे भाव पडले किंवा पीक बुडालं, की डॉलर आटतात आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागतात.

*युद्ध.* बेल्जियमकडून १९६२ मध्ये स्वातंत्र्य मिळालं. १९७२ मध्ये मोठं हत्याकांड झालं. १९९३ मध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मेल्शिओर एन्दादाये यांची हत्या झाली आणि यादवी पेटली. त्यात सुमारे ३ लाख लोक मारले गेले. २०१५ मध्ये पुन्हा राजकीय संकट आलं आणि युरोपीय संघाने सरकारला थेट मिळणारी मदत थांबवली. हे निर्बंध २०२२ मध्ये उठले.

याची किंमत कोण मोजतं?

मुलं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांची वाढ खुंटलेली आढळली. लहानपणी पोट भरलं नाही तर शिकणं मागे पडतं, मोठेपणी कमाई कमी होते आणि पुढच्या पिढीचं ताटही अर्धंच राहतं. गरिबी वारशाने मिळते ती अशी.

यातून बाहेर पडता येतं का?

येतं. भारत २००० च्या दशकात आणि बांगलादेश २०१५ मध्ये कमी उत्पन्न गटातून बाहेर आला. बुरुंडीनेही २००५ मध्ये प्राथमिक शाळांची फी रद्द केली, तेव्हा वर्ग मुलांनी भरून गेले. लोक आळशी आहेत म्हणून देश गरीब, हे म्हणणं इथेच खोटं ठरतं. संधी दिसली तेव्हा आईबापांनी मुलांना शाळेत धाडलं. शांतता टिकणं, शेतीबाहेर रोजगार तयार होणं आणि मुलांना पोटभर जेवण मिळणं, या तीन गोष्टींवर बुरुंडीचं पुढचं सगळं अवलंबून आहे.