शिडाच्या जहाजांवरची भुते : वाचकांसाठी चार शब्द

रायपूरच्या मराठी घरांना भुते नवी नाहीत. जहाजे मात्र नवी. आपले पूर्वज इकडे आले ते नागपूरकर भोसल्यांच्या मागोमाग, नाहीतर पुढे नोकरीनिमित्त, आणि तेही खुष्कीच्या वाटेने. म्हणून समुद्रावरच्या भुतांच्या अभ्यासाचे आमंत्रण इथल्या वाचकांना जरा आग्रहाने द्यावे लागते.

या विषयाचे एक वैशिष्ट्य आधी सांगतो. पिंपळावरच्या मुंजाला जन्मतारीख नसते. जहाजावर मात्र रोजची नोंदवही असते; वारा कुठला, जहाज कुठे, कोण मेले, सारे तिच्यात लिहिले जाते. भूतकथा कागदाशी ताडून पाहता येते अशा मोजक्या जागांपैकी ही एक. त्यामुळे वाचकांनी ‘खरे की खोटे?’ हा प्रश्न थोडा मागे ठेवावा आणि ‘हे कोणी, केव्हा लिहिले?’ हा पुढे घ्यावा.

उदाहरण प्रसिद्ध आहे. 11 जुलै 1881, पहाटेचे चार. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ ‘बॅकांटी’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या प्रवासवृत्तात तांबड्या उजेडात न्हालेले ‘फ्लाइंग डचमन’ हे भुताळी जहाज दिसल्याची नोंद आहे. पाहणारे तेरा जण. बरोबरच्या दोन जहाजांनीही तो तांबडा उजेड आपल्याला दिसल्याचे कळवले. ते जहाज पहिल्यांदा पाहणारा टेहळ्या त्याच सकाळी डोलकाठीवरून पडून मेला. या प्रवासात सोळा वर्षांचा राजपुत्र जॉर्ज होता, पुढचा पंचम जॉर्ज. म्हणून ही कथा ‘राजाने पाहिलेले भूत’ म्हणून खपते. पण हा वृत्तांत छापला गेला 1886 मध्ये, राजपुत्रांच्या रोजनिशींवरून त्यांचे शिक्षक जॉन डाल्टन यांनी सिद्ध करून. यातले कुठले वाक्य मुलाचे आणि कुठले गुरुजींचे? मला तरी हा प्रश्न भुतापेक्षा रंगतदार वाटतो.

दुसरे जहाज आपल्याला जवळचे, कारण त्याच्यावरचे संकट बंगालच्या उपसागरातले, आणि हा समुद्र रायपूरहून रेल्वेने एका रात्रीवर आहे. 1863 साली बांधलेले ‘युटर्पी’ कलकत्त्याच्या व्यापारात होते. 1865 मध्ये ते उपसागरातल्या चक्रीवादळात सापडले. डोलकाठ्यांचे शेंडे तोडून टाकावे लागले. कप्तान विल्यम स्टोरी परतीच्या वाटेवर वारला. आज हेच जहाज ‘स्टार ऑफ इंडिया’ नावाने अमेरिकेत सॅन दिएगोला उभे आहे. त्यावरचे सर्वांत गाजलेले भूत मात्र कप्तानाचे नव्हे. ते जॉन कॅम्पबेलचे, तिकिटाविना लपून चढलेल्या आणि मग कामाला जुंपलेल्या पोराचे. 1884 मध्ये तो डोलकाठीवरून पडला, दोन्ही पाय मोडले, तीन दिवसांनी गेला. त्या डोलकाठीजवळ थंड हात लागतो, असे पाहायला येणारे सांगतात. भूत व्हायला हुद्दा लागत नाही, हे बरेच झाले.

कोकणचा गिऱ्हा, म्हणजे बुडून मेलेल्याचे पाण्यातले भूत, तुम्ही आजीकडून ऐकला असेल. जॅक्सन यांनी जमवलेल्या आणि एन्थोव्हेन यांनी 1915 मध्ये छापलेल्या कोकणच्या लोकसमजुतींच्या टिपणांत अशा भुतांची माहिती मिळते. ती पुरवणारे बहुतांशी गावोगावचे शाळामास्तर होते. नवख्याने हे पुस्तक शेवटी घ्यावे, असे माझे मत. ओळखीचे भूत भेटले की आपण नीट वाचत नाही. आधी ‘बॅकांटी’, मग ‘युटर्पी’. तोवर मास्तरांनाही ‘हे कोणी सांगितले?’ असे विचारायची सवय तुम्हाला लागलेली असेल.