कंटेनर-व्यवस्थेतील फाइल-लेखनाचा दोष : एक ऐतिहासिक विवेचन

प्रास्ताविक :

११ फेब्रुवारी २०१९ रोजी 'रनसी' या आज्ञावलीतील एक गंभीर दोष जाहीर करण्यात आला. सीव्हीई-२०१९-५७३६ या क्रमांकाने त्याची नोंद झाली. रनसी ही कंटेनर प्रत्यक्ष सुरू करणारी आज्ञावली होय. डॉकर आणि अनेक कुबर्नेटिस-व्यवस्था तिच्याच आधारे चालतात. कंटेनर म्हणजे मूळ यंत्राच्याच कर्नलवर चालणारी, परंतु स्वतःची वेगळी फाइलव्यवस्था असलेली बंदिस्त जागा. या जागेत राहून मूळ यंत्रावरील फाइल बदलता येते, हे या दोषाने दाखवून दिले. अशा घटनांचे वर्णन सहसा 'कंटेनर फोडून बाहेर पडणे' असे केले जाते. प्रस्तुत लेखकास हे वर्णन दिशाभूल करणारे वाटते. फाइल-लेखनाच्या दोषांत भिंत क्वचितच फुटते; भिंतीच्या दोन्ही बाजूंस वावरणारा अधिकारसंपन्न सेवक फसतो. त्याचा इतिहास कंटेनरहून बराच जुना आहे.

पूर्वपीठिका :

नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली 'गोंधळलेला प्रतिनिधी' ही संकल्पना मांडली. तिचे मूळ टाइमशेअर या कंपनीतील एका प्रसंगात होते. तेथील फोरट्रान भाषेच्या कंपायलरला वापराची आकडेवारी नोंदविण्यासाठी एका संरक्षित निर्देशिकेत लिहिण्याची मुभा दिलेली होती. ग्राहकांच्या देयकांची फाइलही त्याच निर्देशिकेत होती. एका वापरकर्त्याने कंपायलरचा तपशील साठविण्याची जागा म्हणून नेमके त्या देयक-फाइलचे नाव दिले. वापरकर्त्यास त्या फाइलला हात लावण्याचा अधिकार नव्हता. कंपायलरला मात्र होता. त्याने निमूटपणे देयकांची माहिती पुसून तेथे आपला तपशील लिहिला. नाव एकाने सांगायचे आणि अधिकार दुसऱ्याचा वापरायचा, हीच या दोषाची गुरुकिल्ली होय.

बंदिस्त जागेची कल्पना याच काळात वाढत होती. १९७९ च्या युनिक्स सातव्या आवृत्तीतील 'सीएचरूट' ही सोय प्रक्रियेला फाइलव्यवस्थेचे वेगळे मूळ दाखवीत असे. सर्वाधिकारी 'रूट' वापरकर्त्यास रोखण्याचे सामर्थ्य तिच्यात नव्हते. ते साधण्याचा प्रयत्न पॉल-हेनिंग कँप आणि रॉबर्ट वॉटसन यांनी २००० साली विशद केलेल्या फ्रीबीएसडीच्या 'जेल' रचनेत दिसतो. लिनक्समध्ये नेमस्पेस २००२ पासून टप्प्याटप्प्याने येत गेल्या, सीग्रुप २००८ मध्ये आले आणि २०१३ मध्ये डॉकरने हे सारे सामान्य विकासकाच्या हाती दिले. सोय वाढली, परंतु कंटेनर उभारणारा, फाइली आतबाहेर नेणारा सेवक रूटच्या अधिकारानेच वावरत राहिला. नोव्हेंबर २०१४ मध्ये डॉकर १.३.२ ने दुरुस्त केलेला दोष याचाच परिणाम होता. प्रतिमा उतरवून घेताना तिच्यातील सांकेतिक दुव्यांच्या मागे जाऊन डॉकर मूळ यंत्रावर भलतीकडेच लिहीत असे.

रनसी-प्रकरण :

२०१९ चा दोष आदाम इवानयुक आणि बोरिस पोपवाफ्स्की या पोलिश संशोधकांनी शोधला. एका संगणक-सुरक्षा स्पर्धेतील कूटप्रश्नातून त्यांना ही दिशा सुचली, हे उल्लेखनीय आहे. प्रशासक चालू कंटेनरात एखादी आज्ञा देतो तेव्हा रनसी स्वतः आत शिरते आणि मग त्या आज्ञेचे रूप घेते. लिनक्सच्या 'प्रॉक' फाइलव्यवस्थेत प्रत्येक प्रक्रियेच्या मूळ आज्ञावलीकडे नेणारा दुवा असतो. कंटेनरातील हल्लेखोर अपेक्षित आज्ञेच्या जागी हा दुवाच ठेवी. परिणामी रनसी आत येऊन पुन्हा स्वतःलाच चालवी. चालू असलेल्या आज्ञावलीवर कर्नल लिहू देत नाही. म्हणून हल्लेखोर तिचा दुवा उघडा धरून ठेवी आणि ती संपताच मूळ यंत्रावरील रनसीवर आपला मजकूर लिही. पुढच्या वेळी प्रशासकाने रनसी वापरली की हल्लेखोराची आज्ञावली रूटच्या अधिकाराने चाले. युजर नेमस्पेसचा यथायोग्य वापर असलेल्या ठिकाणी मात्र हा हल्ला निष्फळ ठरे, कारण आतला रूट बाहेर सामान्य वापरकर्ता ठरतो. ही सोय लिनक्समध्ये २०१३ पासून होती. डॉकरमध्ये ती मूलतः सुरू नसे. आपल्या मते या प्रकरणातील खरा प्रश्न तंत्राइतकाच या निवडीचा आहे. दुरुस्तीनंतर रनसी आत शिरण्यापूर्वी स्मृतीत स्वतःची बदलता न येणारी प्रत करून तीच चालवू लागली.

प्रतिलिपीच्या आज्ञा :

कुबर्नेटिसच्या 'क्यूबसीटीएल सीपी' या आज्ञेचा इतिहास अधिक बोलका आहे. ही आज्ञा कंटेनरातील फाइली वापरकर्त्याच्या संगणकावर आणते. त्यासाठी ती कंटेनरातीलच 'टार' आज्ञावलीवर विसंबते. कंटेनर दूषित असेल तर ती टार हव्या त्या मार्गाचे नाव पाठवू शकते. हा दोष २०१८ मध्ये नोंदला गेला. मार्च २०१९ मध्ये निराळ्या वाटेने पुन्हा आढळला. ती दुरुस्ती अपुरी असल्याचे जूनमध्ये, आणि तरीही काही शिल्लक असल्याचे ऑगस्टमध्ये उघड झाले. मे २०१९ मध्ये डॉकरच्या 'सीपी' आज्ञेतही तपासणी आणि वापर यांमधील क्षणात दुवा बदलता येतो, हे अलेक्सा साराय यांनी दाखविले. मार्ग तपासावा आणि मग वापरावा, या क्रमातच फट होती.

साराय यांच्याच प्रयत्नाने २०२० मधील लिनक्स ५.६ मध्ये 'ओपनॅट२' ही सोय आली. तपासणी आणि उघडणे ही दोन कामे तीत कर्नल एकत्र करतो. ठरवून दिलेल्या मुळाबाहेर मार्ग जाऊ न देण्याची अट सेवकास घालता येते. जुन्या आज्ञावल्यांत ती रुजविण्याचे काम मात्र संथ आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये रनसीतील तीन नवे दोष जाहीर झाले. त्यांपैकी एकात, संरक्षित फाइल झाकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'नल' उपकरण-फाइलच्या जागी सांकेतिक दुवा ठेवून रनसीची दिशाभूल करता येत होती.