फाळ उरला, रुमणे गेले

उन्हाळ्याच्या तोंडावर रोहतांग किंवा जोझिला घाटातला रस्ता सीमा सडक संघटनेने मोकळा केल्याची बातमी दरवर्षी येते. बातमीसोबतच्या छायाचित्रात वाहनापुढे एक बाकदार पोलादी पाते असते आणि त्याच्या अंगावरून बर्फ वळून कडेला पडत असतो. इंग्रजीत याला 'स्नो प्लाऊ' म्हणतात, मराठीत कोणी 'बर्फाचा नांगर' असे भाषांतर करतो. माधवनगरच्या काळ्या रानाशेजारी वाढलेल्या माझ्यासारख्याला हा शब्द खटकतो. आपला नांगर जमिनीत घुसतो आणि ती फाडत जातो. हे यंत्र तर रस्त्याला ओरखडा न काढता वरचा थर तेवढा बाजूला सारते. आपल्याकडे असे काम केणी करते. उंचवट्याची माती ओढून सखलात नेणारे, बैलांनी ओढायचे ते औत. मराठी माणसाने बर्फ सारणारे यंत्र पहिल्यांदा पाहिले असते तर त्याला 'बर्फाची केणी' म्हटले असते, असे मला वाटते.

मग इंग्रजी माणसाला त्यात नांगर का दिसला? या प्रश्नाचा माग काढत गेलो तेव्हा बर्फ मागे राहिला आणि मी सांगलीहून पुण्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या किर्लोस्करवाडीला पोहोचलो. लोखंडी नांगराचा इतिहास आपण उद्योगाचा इतिहास म्हणून वाचतो. तो नांगराच्या भागांच्या नावांमधून वाचला तर थोडा वेगळा दिसतो.

बाकदार पात्याचे कूळ

बर्फाच्या नांगराचे भाग आधी पाहू. मोठे बाकदार पाते म्हणजे मोल्डबोर्ड. त्याच्या खालच्या कडेला बोल्टने बसवलेली, झिजली की बदलायची पट्टी म्हणजे कटिंग एज. पाते रस्त्यापासून किती वर राहावे हे ठरवणारे दोन पाय म्हणजे शू. पाते लपलेल्या दगडाला धडकले तर ते क्षणभर पुढे झुकून पुन्हा जागेवर यावे म्हणून मागे ट्रिप स्प्रिंग असतात. पात्याला गाडीशी जोडणारा त्रिकोणी सांगाडा म्हणजे ए-फ्रेम.

यातला मोल्डबोर्ड हा शब्द थेट शेतातून आला. युरोपातल्या नांगराला फाळाच्या मागे एक फळी असे. फाळाने कापलेली मातीची लादी या फळीवर चढे, वळे आणि उलटी होऊन शेजारच्या तासावर पडे. ही फळी आधी लाकडाची होती, नंतर लोखंडाची झाली. तिचा बाक कसा असावा यावर अमेरिकेचे अध्यक्ष टॉमस जेफरसन यांनीही गणित मांडले होते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये एका बाजूने जास्त कठीण केलेल्या ओतीव फाळाचे पेटंट घेतले. मऊ बाजू आधी झिजत असल्याने तो फाळ वापरताना आपोआप धारदार राही. इंग्रजी माणसाच्या मनात नांगर म्हणजे वस्तू उलटवून बाजूला टाकणारे पाते. त्यामुळे माती जाऊन तिथे बर्फ आला तरी नाव तेच राहिले.

आपल्या नांगराला ही फळीच नव्हती. म्हणून आपल्या भाषेत तिला शब्दही नव्हता.

लाकडाचा देह, गावाची नावे

देशी नांगराची नावे फार जुनी आहेत. 'लांगल' आणि 'फाल' हे दोन्ही शब्द ऋग्वेदातल्या शेतीविषयक सूक्तात येतात. त्यांतून आपले नांगर आणि फाळ आले. 'लांगल' हा शब्दही मुळात इथल्या आग्नेय भाषाकुळातून संस्कृतात आला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतातली 'ईषा' म्हणजे दांडी. तिच्यापासून इसाड आणि हाळीस ही नावे झाली.

आपल्या भागातला नांगर बहुधा बाभळीचा. जमिनीत घुसणारे खोड, त्याच्या टोकाला लोखंडी फाळ, फाळ घट्ट बसवणारे वसू म्हणजे कडे. खोडातून पुढे बैलांपर्यंत जाणारी लांब दांडी ती हाळीस. मागे माणसाने धरायचे ते रुमणे. हाळीस जुवाला बांधणारा दोर म्हणजे वेठण, जुवाच्या खुंट्या म्हणजे शिवळा आणि बैलाच्या मानेखालून येणारा पट्टा म्हणजे जोते. नांगराने पडलेली रेघ ती तास.

या यादीकडे नीट पाहिले तर प्रत्येक नावामागे गावातला एक माणूस उभा दिसतो. खोड, हाळीस आणि रुमणे सुताराचे. फाळ आणि वसू लोहाराचे. दोर वळणारा मांग आणि जोत्याचे चामडे देणारा चांभार. या सर्वांना सुगीत बलुते मिळे. रुमणे मोडले तर शेतकरी रोख पैसे घेऊन बाजारात जात नसे, सुताराच्या दारात जात असे. या व्यवस्थेत जातीची उतरंड होती आणि बलुत्याच्या वाट्यात अन्यायही होता, हे विसरून तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण नांगराचा कोणताही भाग गावाच्या शिवेत दुरुस्त होत होता, हेही तितकेच खरे.

बैलांचे गणितही गावातच सुटे. काळ्या चिकण रानात खोल नांगरायचे तर एक जोडी पुरत नसे. सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. एवढे बैल एकाच्या दावणीला क्वचितच असत. म्हणून वारंगुळा होता, म्हणजे दोघा-तिघांनी बैल एकत्र करून आळीपाळीने एकमेकांची राने करणे. म्हणून इर्जिक होती, म्हणजे साऱ्या गावाची औते एका शेतात उतरवणे आणि त्या दिवशी शेतमालकाने सर्वांना जेवू घालणे. शिवाय अनेक काळ्या रानांत दरवर्षी नांगर घालण्याची चालच नव्हती. कुळवाच्या पाळ्यांवर भागे.

बिडाचा नांगर

या जगात लोखंडी नांगर आला तो आधी विलायतेहून. रॅन्सम आणि हॉवर्ड या इंग्रज कारखान्यांचे नांगर मुंबई इलाख्यात येत होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात पहिला देशी लोखंडी नांगर तयार केला. १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत त्यांनी यांत्रिक रेखाटन शिकवले. नंतर बेळगावात सायकलींचे दुकान काढले, कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग ते नांगराकडे वळले.

बेळगावातली जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या कुंडल गावाजवळची ३२ एकर माळजमीन दिली आणि कर्जही दिले. १० मार्च १९१० रोजी तिथे कारखान्याचा मुहूर्त झाला. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर वसाहत उभी राहिली आणि कुंडल रोड हे स्टेशन पुढे किर्लोस्करवाडी झाले.

हा नांगर दुतर्फी होता. त्याचे बाकदार पाते तासाच्या टोकाला दुसऱ्या अंगावर फिरवता येई. त्यामुळे जाताना माती ज्या दिशेला पडली त्याच दिशेला येतानाही पडे. शेत सपाट राही आणि मधे चर उरत नसे. हाळीसही गेली. तिच्या जागी लोखंडी साखळी आली आणि ती थेट जुवाला जोडली गेली. त्याबरोबर वेठणाचे काम संपले.

'विष' या शब्दाचा अर्थ

पहिले सहा नांगर विकले जायला दोन वर्षे लागली, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. तिच्या जोडीला दुसरीही सांगितली जाते, की लोखंडाने जमिनीला विष चढेल या समजुतीने शेतकरी नांगराला हात लावत नव्हते. ही गोष्ट आपण अडाणी शेतकरी आणि द्रष्टा उद्योजक अशी वाचत आलो.

मला हे वाचन अपुरे वाटते. देशी नांगराचा फाळ लोखंडाचाच होता. कुळवाची पासही लोखंडाची होती. लोखंड जमिनीत जाणे या शेतकऱ्याला नवे नव्हते. त्याला नवे होते ते बीड.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. गावच्या लोहाराचे सारे कौशल्य लोखंड तापवून ठोकण्यात. बीड ठोकता येत नाही, घणाचा घाव बसला तर ते फुटते. खडकाळ रानात ओतीव भाग मोडला, तर गावातला कोणीही तो सांधू शकत नव्हता. नवा भाग रोख पैसे मोजून आणायचा आणि तोवर वाफसा निघून जायचा. त्यात खोल नांगरटीने मोठी ढेकळे वर येतात आणि ती फुटायला उन्हाळाभर तापावी लागतात. खालची ओल वर येऊन उडण्याची भीती कोरडवाहू रानाच्या मालकाला असणारच. हे सारे आक्षेप व्यवहाराचे आहेत. शेतकऱ्याच्या भाषेत ते एका शब्दात मावले असतील, आणि ऐकणाऱ्याने तेवढा एक शब्द लक्षात ठेवला असेल.

याचा अर्थ लक्ष्मणरावांचे श्रेय कमी होते असा नाही. उलट ते कुठे आहे हे नेमके दिसते. शेतकऱ्याला बीड सांधता येत नव्हते, म्हणून तसाच दुसरा भाग हुबेहूब ओतून जवळ मिळेल अशी सोय हवी होती. पाचशे नांगरांतल्या कोणत्याही नांगराला तो भाग बसला पाहिजे, ही कारखान्याची शिस्त होती. विलायती नांगराचा मोडलेला भाग समुद्रापलीकडून यायचा, हा कुंडल रोडवरून येई. पहिल्या महायुद्धात परदेशी माल अडला आणि देशी नांगराची मागणी वाढली. पण कच्च्या लोखंडाचीही टंचाई झाली. तेव्हा कोल्हापूर संस्थानच्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतल्याची हकीकत सांगितली जाते.

जिथे पाणी आणि रोख पैसा होता तिथे हा नांगर लवकर रुजला. उसाला खोल नांगरट लागते. हरळी आणि कुंदा यांची खोलवर गेलेली मुळे लाकडी नांगराला उपटत नव्हती. ती उलटी करून उन्हात तापवणे हे काम बाकदार पात्याचे. हरळीने वैताग आणलेल्या शेतकऱ्याला तो अनुभव पुरेसा होता.

नावाऐवजी नंबर

या नांगरांना नावे नव्हती, नंबर होते. सुट्या भागांनाही नंबरच. बीड ओतणाऱ्या कारखान्याला तेच सोयीचे होते. माधवनगर-बुधगाव परिसरात जुन्या माणसांशी बोलताना मी त्या बाकदार पात्याचे नाव विचारत असे. कोणी पंखा म्हणाले, कोणी पाते, कोणी नुसता पत्रा. फाळ आणि जू सर्वांनी एकाच नावाने सांगितले. पात्यावर मात्र एकमत झाले नाही. शतकभर हातात असलेल्या वस्तूला एक नाव मिळाले नव्हते. सुताराने घडवलेल्या वस्तूचे नाव तो आणि शेतकरी बोलता बोलता ठरवतात. पेटीतून आलेल्या वस्तूवर नंबर आधीच छापलेला असतो.

गंमत अशी की याच कारखान्याने मराठीला शब्द मात्र भरपूर दिले. मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवण्यासाठी १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. पुढे तीच 'किर्लोस्कर' मासिक झाली, १९३० मध्ये 'स्त्री' आली आणि त्यानंतर 'मनोहर'. मराठी मध्यमवर्गाला दोन-तीन पिढ्या वाचायला लावणारी ही मासिके नांगराच्या जाहिरातीतून उगवली. नांगराने मासिक जन्माला घातले, पण स्वतःच्या पात्याला नाव मिळवले नाही.

पलटी

ते नाव शेवटी मिळाले, पण वेगळ्या वाटेने. आज आपल्या भागात ट्रॅक्टरच्या मागे जो नांगर असतो त्याला 'पलटी नांगर' म्हणतात. दोन फाळी पलटी, तीन फाळी पलटी. हायड्रॉलिकच्या दाबाने सगळा सांगाडा तासाच्या टोकाला उलटा होतो. तत्त्व त्या जुन्या दुतर्फी नांगराचेच आहे. शेतकऱ्याने भागाला नाव दिले नाही, क्रियेला दिले. कोणत्याही परिभाषा समितीची वाट न पाहता हा शब्द बांधावर तयार झाला आणि तो चपखल आहे.

या साऱ्या उलथापालथीत कोणते शब्द टिकले आणि कोणते गेले, याचा एक साधा नियम दिसतो. फाळ टिकला, कारण लाकडाच्या खोडापासून ट्रॅक्टरपर्यंत माती कापणारे टोक लागतेच. तास टिकले, कारण रेघ पडतेच. हाळीस आणि वेठण गेले, कारण ओढण्याची रीत बदलली. वारंगुळा गेला, कारण ट्रॅक्टर भाड्याने मिळतो. लोखंडी नांगरालाही मूठ होती, तोवर रुमणे तग धरून होते. ट्रॅक्टर आला आणि नांगरामागे चालणारा माणूस नाहीसा झाला. त्याच्याबरोबर रुमणेही गेले.

शेतीचे शब्द हरवले म्हणून हळहळणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. रुमण्यामागे दिवसभर अनवाणी चालणाऱ्याला हळहळायला सवड नव्हती, आणि त्याच्या नातवाने ते रुमणे पुन्हा हाती धरावे असे कोणी म्हणू नये. पण शब्दांची नोंद करणे वेगळे. बीड फुटते हे ठाऊक असलेल्या शेतकऱ्याला आपण विषाला भ्यालेला ठरवले, ते त्याच्या नांगराच्या भागांची नावे आणि ती नावे घडवणारे हात आपण कधी विचारात घेतले नाहीत म्हणून. जी माणसे अजून आहेत त्यांना विचारून हे शब्द भागांच्या चित्रांसह लिहून ठेवले, तर पुढच्या अभ्यासकाला दंतकथेऐवजी पुरावा मिळेल.