वाटीभर दूध



मागच्या चातुर्मासात आमच्या मलकापूरच्या घरी, मागच्या पडवीत पोत्यांच्या आडोशाला एका भाटीने तीन पिल्लं दिली. दोन तोंडात धरून ती कुठेतरी घेऊन गेली, तिसरं तिथेच राहिलं. महिना-सव्वा महिन्याचं असेल. करडं, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं आणि पाय काडीसारखे. नातीने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर पाहून लगेच "मनी" असं नावही ठेवलं. मी काय केलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको. गायीचं कोमट दूध वाटीत ओतलं आणि पुढे ठेवलं. पिल्लू चपाचपा प्यायलं, मलाही बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून त्याला हगवण लागली, ती दीड महिना थांबली नाही.

सुंठ चाटवून पाहा, डाळिंबाची साल उगाळून द्या, जायफळ द्या, असे सल्ले आले. यांनी स्वतःच्या डब्यातली जुलाबाची गोळी पाव करून द्यायला काढली होती, ती मी हातातून घेतली म्हणून बरं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की माणसाची औषधं मांजराला अंदाजाने कधीच द्यायची नाहीत. आपल्याकडची तापाची साधी पॅरासिटामॉलसुद्धा मांजराच्या जिवावर उठते, कारण ती पचवून बाहेर टाकण्याची सोय त्याच्या यकृतात नाही.

मी बी.कॉम. झालेली बाई. दुकानाच्या वह्या बावीस वर्षं लिहिल्या. मनीचीही वही घातली. एका बाजूला काय दिलं ते, दुसऱ्या बाजूला किती वेळा आणि कसं झालं ते. पोळ्याच्या दिवशी गवळी आला नाही. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिला नुसता मऊ भात आणि थोडं दह्यावरचं पाणी मिळालं. वहीत त्या दोन दिवसांपुढे दोन-दोन वेळा असं लिहिलेलं आहे. एरवी पाच, सहा, एकदा तर आठ. आकडे समोर आले तरी माझं मन मानेना. दुधाने बाधेल कसं? मांजर आणि दूध तर आपल्या लहानपणच्या प्रत्येक चित्रात एकत्र असतात!

तेव्हापासून मला प्रश्न पडला की आपण मांजराला दूध केव्हापासून देतो आणि का. सासूबाईंचा नेम होता: मुंगीला साखर, कुत्र्याला पोळी, मांजराला दूध. कारण विचारलं तर म्हणायच्या, "पोट भरलेलं असलं की ते उंदीर मारत नाही." म्हणजे दूध हे मांजराचं अन्न म्हणून नव्हतं, उंदरासाठी होतं. मांजर आणि हिंसा ही जोडी आपल्याकडे फार जुनी. दिगंबरांच्या कार्तिकेयानुप्रेक्षेत मांजरासारखे हिंस्र प्राणी बाळगणं अनर्थदंडात धरलं आहे, आणि श्वेतांबर श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत 'असतीपोषण' आहे, त्यातही पोटापाण्यासाठी मांजर-कुत्री पाळणं येतं. एकीकडे पाळू नका म्हणतात आणि दुसरीकडे आजारी जीव दारातून हाकलायचा नाही. आपल्या बायकांनी यातून वाटीभर दुधाची वाट काढली असावी, असं मला वाटतं.

हाकलायचं नाही, याला मात्र लेखी पुरावा आहे. राल्फ फिच नावाचा इंग्रज व्यापारी 1580 च्या दशकात हिंदुस्थानात फिरला. गोव्याहून निघून तो विजापूर, गोवळकोंडा करत बाळापूरवरून बऱ्हाणपूरला गेला, म्हणजे आपल्या अगदी शेजारून. बाळापूर आज अकोल्यात, आणि बऱ्हाणपूर तर आम्हा मलकापूरकरांना लग्नाच्या खरेदीला जवळ. त्याने खंबायतबद्दल लिहून ठेवलं आहे की तिथले लोक कशालाही मारत नाहीत, आणि लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी नि पाखरांसाठी त्यांनी दवाखाने ठेवले आहेत. चारशे वर्षांपूर्वी मांजराचा दवाखाना! त्या मांजरांच्या वाटीत काय असे, हे त्याने लिहिलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

मुंबईची पांजरापोळ 1834 ची. त्याआधी दोन वर्षं, 1832 मध्ये, सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. मग जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने ही जागा उभी राहिली. पुढे 1880 च्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाने जनावरांचं इस्पितळ निघालं आणि 1886 साली तिथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पारशी पैसा आणि जैन-वैष्णव दया यांच्या जोडीला डॉक्टरही आला. तरी शिक्षण मुख्यतः घोड्या-बैलांचं. साहजिकच आहे, बैल आजारी पडला तर शेत पडतं, मांजर आजारी पडलं तर कोणाचं काय अडतं?

वऱ्हाडात मात्र एकदा अडलं. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत, धान्याच्या वखारींच्या भागात, प्लेग उघड झाला आणि काही वर्षांत रेल्वेच्या वाटेने आत शिरला. आमच्या आजेसासूबाई त्याला गाठीचा ताप म्हणत. घरात उंदीर पडला की गाव सोडायचं, शेतात झोपड्या घालून राहायचं. त्यांच्या तीन नणंदा-दिरांपैकी एकच परत आला. खामगाव-मलकापूर म्हणजे कापूस, सरकी आणि धान्य, खामगावची रेल्वे तर 1870 मध्येच आली होती, म्हणजे उंदरांना जागाही होती आणि वाहनही. 1898 मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं की हा रोग उंदराच्या पिसवेतून पसरतो. सुरुवातीला कोणी फारसं मानलं नाही, पण 1905 च्या सुमारास मुंबईत लिस्टन यांनी आणि पुढे प्लेग आयोगाने ते पक्कं केलं.

आता उंदीर मारायचे कोणी? आपल्या लोकांचा हात उचलत नव्हता. त्या वेळी अमरावतीला असलेले सरकारी डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू बुकॅनन यांनी गावोगाव मांजरांची मोजणी करवली. घरं किती, मांजरं किती, प्लेग किती, असा सरळ हिशोब. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, म्हटलं, हा तर माझ्यासारखा वहीवाला माणूस. त्यांचं म्हणणं असं की ज्या गावात निम्म्याहून जास्त घरांत मांजर आहे, तिथे प्लेग येत नाही. 1908 साली त्यांनी ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. आज माहीत आहे की मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून माणसालाही होऊ शकतो, त्यामुळे त्यांचा हिशोब पूर्ण नव्हता. पण आपल्या वऱ्हाडातल्या मांजराला सरकारदरबारी किंमत आली ती तेव्हा, आणि तीही त्याच्या शिकारीमुळे! सासूबाईंची दुधाची वाटी ज्या गोष्टीसाठी होती, बरोबर तिच्या उलट.

शेवटी मी मनीला बुटाच्या खोक्यात घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टर गायी-म्हशींचेच, पण वही पाहून खूश झाले. म्हणाले, "काकू, निम्मं निदान तुम्ही लिहूनच आणलंय."

दुधाचं कारण त्यांनी असं समजावलं. दुधातली साखर फोडायला आतड्यात एक पाचक रस लागतो. पिल्लू आईला पीत असतं तोवर तो भरपूर, दूध सुटायला लागलं की आटतो. मग न फुटलेली साखर आतड्यात पाणी ओढते, जंतू ती आंबवतात, आणि पातळ होतं. शिवाय मांजरीच्या दुधात गायीच्या दुधापेक्षा दुपटीहून जास्त प्रथिनं असतात, म्हणजे आईविना पिल्लाला नुसतं गायीचं दूध पुरतही नाही. दह्या-ताकात ही साखर कमी होते, म्हणून पोळ्याच्या दिवशी मनी बरी होती. दूध बंद केलं आणि आठवड्यात फरक पडला. पण पूर्ण थांबलं नाही.

ज्यांच्या घरी असं पिल्लू आहे त्यांनी इथे लक्ष द्या. दूध बंद करून दोन दिवसांत थांबलं नाही, तर ताजी विष्ठा स्वच्छ कोरड्या डबीत घालून तपासायला न्या. मनीच्या विष्ठेत पहिल्यांदा गोल जंतांची अंडी निघाली. नगाऱ्यासारखं पोट त्याचंच होतं. हे जंत आईच्या दुधातूनही पिल्लात येतात, म्हणून घरात जन्मलेलं पिल्लूसुद्धा सुटत नाही. जंताचं औषध वजनावर मोजून देतात आणि काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा देतात, एकदा देऊन काम होत नाही. मनीचं त्याने पोट उतरलं, तरी आठवड्यातून तीन-चार दिवस तेच. दुसऱ्या तपासणीत काही दिसलं नाही. तिसऱ्या वेळी जिआर्डिया सापडला. हा जीव रोज बाहेर पडत नाही, त्यामुळे एका तपासणीत नसला म्हणजे नाहीच असं नाही. तो पहिल्यांदा पाहिला हॉलंडच्या लेव्हेनहूकने, 1681 मध्ये, स्वतःचं पोट बिघडलं असताना, स्वतःच बनवलेल्या भिंगातून. कापडाचा व्यापारी होता बरं का तो, डॉक्टर नव्हता.

इतकं करूनही न थांबणारी एक हगवण तरुण मांजरांत असते, विशेषतः जिथे पुष्कळ मांजरं एकत्र ठेवतात तिथे. तिचं कारण 2003 साली अमेरिकेत नक्की झालं, आणि ते निघालं गायींचा गाभ पाडणाऱ्या ट्रायकोमोनास जंतूच्याच जातीचं. तोपर्यंत जगभरच्या घरांत लोक अन्न बदलत बसले होते. बरीचशी मांजरं औषधाविनाही वर्ष-दोन वर्षांत सुधारतात. मनीवर ती वेळ आली नाही.

घरी मी एवढंच केलं: थोडं थोडं चार वेळा खाणं, पाण्याची वाटी सतत भरलेली, घमेल्यातली माती रोज बदलायची, घमेलं उकळत्या पाण्याने धुवायचं, आपले हात साबणाने. पिल्लू मलूल पडलं, खाणं सोडलं, ओकाऱ्या सुरू झाल्या किंवा रक्त दिसलं तर मात्र वही-बिही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती हळूहळू खाली बसली, तर अंगातलं पाणी गेलं समजा. मांजरांचा एक विषाणूचा रोग अशीच सुरुवात करतो आणि पिल्लं दोन-तीन दिवसांत नेतो. तो विषाणूचा आहे हे 1928 मध्ये फ्रान्समध्ये समजलं, आज त्याची लस आहे, दीड-दोन महिन्यांपासून देतात.

आता जे लिहायचं मी टाळत होते ते. जंताचं औषध हातात घेऊन मी दोन दिवस बसले होते. पाठशाळेत शिकवलेलं विसरत नाही: कृमी द्वींद्रिय जीव. मनी पंचेंद्रिय. एक वाचवायचा म्हणून शेकडो मारायचे का? नणंद म्हणाली, "वहिनी, आपल्या मुलांना दिलंस तेव्हा नाही विचार केलास." खरं होतं. औषध दिलं आणि त्या दिवशी प्रतिक्रमणाला जरा जास्त वेळ बसले.

अन्नाचं त्याहून अवघड. डॉक्टरांनी सांगितलं, भात-दह्यावर मांजर जगत नाही. 1975 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की टॉरिन नावाचा घटक अन्नात नसेल तर मांजराची दृष्टी जाते, आणि 1987 मध्ये त्याचा हृदयाशी संबंध सापडला. मांजराचं शरीर ते पुरेसं तयार करू शकत नाही, ते मांसातून येतं. टॉरिन आता कारखान्यातही बनतं, म्हणून मी आशेने विचारलं, शाकाहारी पाकीट नाही का? ते म्हणाले, आधीच पोट बिघडलेल्या वाढत्या पिल्लावर मी तो प्रयोग करणार नाही.

मग पाकीट आणलं. त्यावर काय लिहिलंय ते मी वाचलं, यांनी वाचलं नाही. ते स्वयंपाकघरात येत नाही. पडवीत पत्र्याच्या डब्यात राहतं, त्याला वेगळा चमचा आहे, आणि दिवे लागायच्या आत मनीचं शेवटचं खाणं होतं. पहिल्या दिवशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी घातलं, मी आत उभी होते. दुसऱ्या दिवसापासून मीच घालते, दुसऱ्याच्या हाताने करवून घेतलं म्हणजे आपलं नाही, असं थोडंच असतं?

मनी आता नऊ महिन्यांची आहे, हगवणीची वही कार्तिकातच बंद केली. घरखर्चाच्या वहीत मात्र दर महिन्याला पाकिटाची रक्कम येते. मी ती औषधाखाली टाकत नाही, कारण ते औषध नाही. धर्मादायाखाली टाकायला हात धजत नाही. तारीख लिहिते, रक्कम लिहिते आणि खात्याचा रकाना तसाच ठेवते.